वर्गणी भरण्याआधी जुना अंक काढा

प्रश्न: एका विज्ञान मासिकाचा नमुना अंक पाहिला. चित्रं देखणी, विषय भारी. वर्षाची वर्गणी भरावी का, हे ठरवायचं कसं?

उत्तर: नमुना अंकावर जाऊ नका, तो निवडूनच दिलेला असतो. मासिकाचा कस लागतो तो जुन्या अंकांत. ग्रंथालयातून किंवा मासिकाच्या डिजिटल संग्रहातून सप्टेंबर २०११ ते २०१२ अखेरपर्यंतचे अंक काढा. सप्टेंबर २०११ मध्ये 'ऑपेरा' प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं, की जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही. ही बातमी छापण्यात गैर काहीच नव्हतं. पण आपल्याला आपली चूक सापडत नाही, इतरांनी तपासून पाहावं, असं खुद्द संशोधकच म्हणत होते. ते मासिकाने लेखाच्या सुरुवातीला सांगितलं, की 'आइन्स्टाइन चुकला?' असा मथळा देऊन शेवटच्या परिच्छेदात ढकललं? पुढे २०१२ मध्ये घोळ सापडला. जीपीएसचा वेळेचा संकेत घेऊन येणारी प्रकाशतंतूची केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. मूळ बातमीला चार पानं आणि या केबलला कोपऱ्यातल्या चार ओळी, किंवा तेवढ्याही नाहीत, असं आढळलं तर ते मासिक घेऊ नका.

मासिक नवं असेल तर जुलै २०२३ नंतरचे अंक पाहा. नेहमीच्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला जराही रोध न करणारा पदार्थ म्हणून 'एलके-९९' गाजला होता. त्याचा रोध एकदम घसरल्यासारखा दिसत होता, तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, हे काही आठवड्यांतच स्पष्ट झालं. मासिकाने ते 'का' समजावलं का, की नुसतं 'दावा फोल ठरला' म्हणून मोकळं झालं?

मग ताज्या अंकाकडे या. संशोधनाची बातमी देणारा कोणताही एक लेख घ्या आणि त्यातलं शास्त्रज्ञाच्या तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं शोधयंत्रात टाका. लेख दुसऱ्या भाषेत लिहिलेला असेल तर शास्त्रज्ञाचं नाव आणि विषय टाकून मूळ वाक्य गाठा. ते विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात सापडलं आणि लेखात त्याखेरीज दुसरा आवाजच नसला, तर तो लेख प्रसिद्धिपत्रकाची झिलई केलेली प्रत आहे. अशी पत्रकं फुकट मिळतात. पैसे द्यायचे ते त्या संशोधनात नसलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाला फोन करून 'तुम्हाला हे पटतं का?' असं विचारणाऱ्या संपादकांना. एखाद्या लेखाला सूट द्या. पाचातले तीन लेख असे निघाले तर विषय संपला.

आरोग्याचं पान वेगळं तपासा. 'धोका ५० टक्क्यांनी वाढतो' हे वाक्य एकटं उभं असेल तर ते अर्धंच आहे. दहा हजारांत दोघांऐवजी तिघांना आजार झाला तरी वाढ ५० टक्केच, आणि दोन हजारांऐवजी तीन हजारांना झाला तरी तेवढीच. मूळ आकडा दिलेला हवा. प्रयोग उंदरांवर झाला असेल तर उंदीर मथळ्यात किंवा पहिल्या परिच्छेदात दिसायला हवेत. दुसऱ्या पानावर उगवणारे उंदीर ही जुनी चलाखी आहे.

प्रश्न: साप्ताहिक घ्यावं की मासिक?

उत्तर: पानांचा हिशेब करा. जाहिराती वगळून अंकात ४५ पानं मजकूर धरला आणि पानाला चार मिनिटं, तर एका अंकाला तीन तास. दर आठवड्याला तेवढा वेळ निघत नसेल तर साप्ताहिक म्हणजे रद्दीचीच वर्गणी. शिवाय साप्ताहिकातल्या छोट्या बातम्या बहुधा इतरत्रही वाचायला मिळतात. दमदार दीर्घ लेख आणि कामाच्या आकृत्या मासिकात अधिक सापडतात. आमचा कौल मासिकाला.

प्रश्न: छापील घ्यावं की डिजिटल? सवलतीच्या योजनांत काय पाहावं?

उत्तर: 'वर्षाला बारा अंक' म्हणजे प्रत्यक्षात किती वेळा अंक हाती येणार, ते आधी पाहा, जोडअंक काही ठिकाणी दोन म्हणून मोजतात. वर्गणीला प्रत्यक्ष अंकांनी भागा, टपालखर्च त्यात धरा आणि सुट्या अंकाच्या किमतीशी ताडून पाहा. पहिल्या वर्षाची सवलत हा बहुतेकदा गळ असतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होते, म्हणून वर्गणी भरतानाच आपोआप नूतनीकरण बंद करा. ते तिथे बंद करता येत नसेल तर मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

डिजिटलचा खरा फायदा म्हणजे जुन्या अंकांचा संग्रह. पण वर्गणी संपल्यावर तो उघडतो का, हे अटींत वाचा. बऱ्याच ठिकाणी तुम्ही पैसे भरून घेतलेले अंकही त्या दिवसापासून बंद होतात. दोन पानांवर पसरलेल्या आकृत्या मोबाइलवर वाचवत नाहीत. टॅबलेट नसेल तर छापीलच बरं.

प्रश्न: चौदा वर्षांच्या मुलीसाठी घ्यायचं आहे. मोठ्यांचं चालेल?

उत्तर: एक लेख वाचायला द्या आणि अंक मिटून त्यातली एक आकृती कागदावर काढून समजवायला सांगा. नावं चुकली तरी चालतील, पण कशामुळे काय होतं ते बाणांनी दाखवता आलं तर मोठ्यांचंच घ्या. नुसती 'मजेदार माहिती' आठवत असेल तर सहा महिने थांबून पुन्हा हाच प्रयोग करा. तोवर ग्रंथालयातले अंक पुरतील.