तेझुकांचे डोळे डिस्नीचे की तकाराझुकाचे?

प्रश्न : जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांच्या चित्रांतले मोठे डोळे डिस्नीवरून घेतलेले, असे वाचले. ते खरेच डॉक्टर होते का? माझी अकरावीतली मुलगी मांगा, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथा, काढते. तिने त्यांचे आधी काय वाचावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : डिस्नी खरा, पण तो अर्धाच. तेझुकांचा जन्म १९२८चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकातला. बालपण मात्र तकाराझुका या शहरात गेले. वडिलांकडे ९.५ मिलिमीटर फिल्मचा पाथे-बेबी प्रोजेक्टर होता. त्यामुळे चॅप्लिन आणि मिकी माऊस घरबसल्या दिसत. आई मुलाला तिथल्या प्रसिद्ध संगीत नाट्यमंडळीचे प्रयोग दाखवायला नेई. तिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात, म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या नेमके उलट. ठळक रंगवलेले डोळे आणि त्यांत चमकणारे रंगमंचावरचे दिवे तेझुकांच्या नायिकांत उतरले. १९५३ पासून आलेल्या ‘रिबन नो किशी’ या त्यांच्या चित्रकथेतली, राजपुत्र म्हणून वाढवलेली राजकन्या याच रंगमंचाची लेक.

तिसरा नाद किड्यांचा. शाळेत असताना ते भुंगेरे बारकाईने रेखाटत, आणि टोपणनावात त्यांनी ‘कीटक’ या अर्थाचे अक्षरही जोडले.

डॉक्टर म्हणाल तर होय. ओसाकाला वैद्यकी शिकतानाच ते मांगा काढत होते. परवाना मिळाला, पण दवाखाना काही थाटला नाही. १९६१ मध्ये नारा वैद्यकीय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, विषय तळ्यातल्या गोगलगाईच्या शुक्रपेशी!

मुलीला आधी ‘ब्लॅक जॅक’ (१९७३ पासून) द्या. परवाना नसलेल्या शल्यविशारदाच्या या कथा साधारण वीसेक पानांच्या आणि स्वतंत्र आहेत, त्यामुळे एका बैठकीत एका कथेची बांधणी तपासता येते. संवादाचे फुगे कागदाने झाका आणि नुसत्या चौकटींवरून काय घडते ते तिला सांगायला लावा. जिथे ती अडखळेल, तिथे शब्दांनी काय भागवले आहे ते कळेल. आवृत्ती मूळ जपानीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायचीच घ्या. काही इंग्रजी आवृत्त्यांत पाने आरशातल्यासारखी उलटवलेली असतात. मग उजवे हात डावे होतात आणि हालचालीची दिशाही फिरते.

‘शिन ताकाराजिमा’ (१९४७) ही त्यांची सुरुवातीची चित्रकथा घेताना जपून. समग्र ग्रंथावलीतली १९८४ची प्रत तेझुकांनी नव्याने काढलेली आहे. ती पाहून त्यांच्या विशीआधीच्या हाताबद्दल मत बनवू नये. मूळ पाने २००९ मध्ये पुन्हा छापली गेली, ती पाहावीत.