सोयाबीनला वरून युरिया द्यायचा का?

लातूर, हिंगोली भागातल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, साहेब, जगाची लोकसंख्या वाढतीय, उत्पादन वाढवा म्हणतात, मग सोयाबीन पिवळं दिसलं की एकरी एक गोणी युरिया टाकला तर बिघडलं कुठं?

बिघडतं भाऊ. 45 किलोच्या गोणीत जवळपास 20 किलो नत्र असतं, आणि सोयाबीनला शिफारस हेक्टरी 30 किलो नत्राची, म्हणजे एकरी 12 किलोच, ते पण पेरणीसोबत. बाकीचं नत्र पीक हवेतून स्वतःच घेतं, मुळावरच्या गाठीतल्या जिवाणूंमार्फत. महिना सव्वा महिन्याचं पीक झालं की एक झाड खुरप्यानं मातीसकट काढा, उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीत मुळं हलक्या हातानं धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी, लालसर दिसली तर कारखाना चालू आहे, हिरवट नाहीतर करडी असेल तर बंद. वरून नत्र भरपूर मिळालं की झाड गाठी धरायचं कमी करतं, नुसतं पाल्यावर जातं, लोळतं आणि किडीलाही आयतं सापडतं. पैसा गेला, शेंगाही गेल्या.

आता पिवळेपणाचं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या रानात हे नेहमीचं, पाणी साचलं की अजून वाढतं. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, मग कृषी सहायकाला पान दाखवून फवारणीचं ठरवा.

बियाणं घरचं असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, 70 च्या वर उगवले तर बिनधास्त पेरा. बुरशीनाशक आधी चोळायचं, रायझोबियम, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत, शेवटी, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, आणि बियाणं सावलीतच वाळवायचं, उन्हात जिवाणू मरतात.

लोकसंख्येचं म्हणाल तर नोव्हेंबर 2022 मध्येच जग 800 कोटींवर गेलं, आणि आपला देश अजून म्यानमार, मोझांबिकहून तूर आणतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, नुसतं सोयाबीन पेरू नका, चार ओळी सोयाबीन दोन ओळी तूर घ्या. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन झोडपलं तरी तूर हाताशी राहते, तिचा पालापाचोळा रानातच पडतो, मुळं खोल जातात, आणि एवढं सगळं युरियाच्या जादा गोणीशिवाय. तुरीच्या वाणाचं विचारणाऱ्यांनी आपली जमीन हलकी, मध्यम की भारी ते नक्की कळवा, त्याशिवाय वाण सांगता येणार नाही.