वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपमध्ये रॅम नेमकी किती आहे?

प्रश्न : मुलीच्या महाविद्यालयीन अभ्यासासाठी मी गेल्या महिन्यात एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप घेतला. रॅम ८ जीबी असल्याचे दुकानदाराने सांगितले व पावतीवरही तसे लिहून दिले. घरी आल्यावर मुलीने सेटिंग्ज उघडून पाहिले, तर तेथे ‘८.०० जीबी’ आणि पुढे कंसात ‘५.९४ जीबी यूजेबल’ असे दिसले. प्रोसेसर एएमडी रायझन आहे. मधली दोन जीबी रॅम गेली कुठे? आमची फसवणूक झाली आहे काय? शेजारच्यांच्या लॅपटॉपची मेमरी तर ५१२ जीबी आहे म्हणतात, मग आमची एवढी कमी कशी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण पडद्यावरचे आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, त्यामुळे उत्तर निःशंकपणे देता येते. आपली फसवणूक झालेली नाही. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम बसवलेली आहे आणि पावती खरी आहे.

सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर ‘इन्स्टॉल्ड रॅम’समोर जो पहिला आकडा येतो, तो प्रत्यक्ष बसवलेल्या रॅमचा असतो. कंसातला आकडा हा त्यापैकी विंडोजच्या आणि आपल्या प्रोग्रॅमच्या वाट्याला येणाऱ्या रॅमचा. ज्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते, तेथे पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम प्रोसेसरमध्येच असलेला ग्राफिक्सचा भाग करतो. त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसल्यामुळे मुख्य रॅममधील एक हिस्सा लॅपटॉप सुरू होतानाच त्याच्या नावे राखून ठेवला जातो. हा हिस्सा किती असावा हे लॅपटॉप तयार करणारी कंपनी ठरवते. रायझन प्रोसेसरच्या काही लॅपटॉपमध्ये तो ५१२ एमबी असतो, काहींमध्ये थेट २ जीबी. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी सुरुवातीला थोडीच रॅम अडवली जाते आणि पुढे लागेल तशी घेतली जाते, म्हणून तशा ८ जीबीच्या लॅपटॉपवर कंसात बहुधा ७.८ च्या आसपासचा आकडा दिसतो. आपल्याकडे सदनिका घेताना बिल्ट-अप आणि कार्पेट असे दोन आकडे समोर येतात, तसेच हे आहे. दोन्ही खरे, फक्त मोजमाप वेगळ्या गोष्टीचे.

याचा पडताळा आपल्याला घरीच घेता येईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ निवडावे. आलेखाच्या खाली ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ अशी ओळ असते आणि आपल्या लॅपटॉपवर तेथे २.१ जीबीच्या जवळपासचा आकडा दिसायला हवा. ५.९४ मध्ये तो मिळवला की बेरीज ८ जीबीशी जुळते. ती तशी जुळली, तर रॅम कुठेही गेलेली नाही.

याच पानावर ‘इन यूज’ म्हणजे या क्षणी वापरात असलेली रॅम आणि ‘अव्हेलेबल’ म्हणजे मागितल्यास लगेच मिळू शकणारी रॅमही दिसते. एकही प्रोग्रॅम उघडलेला नसताना तीन जीबी वापरात दिसली की पुष्कळ लोक घाबरतात; परंतु विंडोज आणि पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम एवढी रॅम सहज घेतात. बसवलेली रॅम, वापरता येण्याजोगी रॅम आणि आत्ता वापरात असलेली रॅम हे तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी यांपैकी एकाऐवजी दुसरा वाचल्यामुळे आलेल्या असतात. चौथा एक आकडा मात्र खरोखर दिशाभूल करू शकतो. ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या खिडकीत ‘टोटल व्हर्च्युअल मेमरी’ अशी ओळ असते. रॅम अपुरी पडल्यास वापरण्यासाठी डिस्कवर जी जागा ठेवलेली असते, तीही त्यात मिळवलेली असल्याने तो आकडा रॅमपेक्षा मोठा येतो. कोणी ती ओळ दाखवून रॅम जास्त आहे असे सांगितले, तर ते मान्य करू नये.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. त्यांचे ५१२ जीबी म्हणजे फाइली साठवून ठेवणाऱ्या एसएसडीची क्षमता. दोन्हींना बोलताना ‘मेमरी’च म्हटले जाते, त्यातून हा घोटाळा होतो. लॅपटॉप बंद केला की रॅममधले सारे पुसले जाते, एसएसडीवरचे राहते.

ग्राफिक्ससाठी राखलेली दोन जीबी कमी करता येतात का, असे आपल्या मनात येईल. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, तशी सोय असते, पुष्कळांमध्ये नसते. त्या खटाटोपापेक्षा टास्क मॅनेजरमधील ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळ पाहावी, असे मी सुचवीन. तेथे दोनपैकी एकच स्लॉट (रॅमची पट्टी बसवण्याची जागा) वापरात असल्याचे दिसले, तर दुसऱ्यात ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवता येईल. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो आणि त्याचा लाभ अंगभूत ग्राफिक्सला विशेष होतो. मात्र ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल, तर रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असण्याची शक्यता मोठी असते. ही माहिती क्वचित चुकीचीही दाखवली जाते, म्हणून मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करून मगच पट्टी विकत घ्यावी. तिची पिढीही जुळायला हवी. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२; त्यांची खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवण्याचा प्रयत्न कृपया करू नये.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम होती. तंत्रज्ञाकडून आणखी ४ जीबी बसवून घेतली. आता ८ जीबी दिसते, पण कंसात २.९ जीबीच आहे. पट्टी खराब निघाली असेल का?
— एक वाचक भगिनी, बेळगाव

उत्तर : ८ जीबी दिसते, म्हणजे लॅपटॉपने नवी पट्टी ओळखली आहे. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावरच ‘सिस्टीम टाइप’ ही ओळ वाचावी. तेथे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम असे असेल, तर कारण तेच आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच वेगवेगळे पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी. आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी खर्ची पडतात. घरगुती वापराचे ३२-बिट विंडोज या मर्यादेपलीकडची रॅम वापरूच शकत नाही. त्याच ओळीत पुढे ‘एक्स६४’ प्रोसेसर असा उल्लेख असल्यास ६४-बिट विंडोज टाकता येईल. तो बदल नव्याने विंडोज बसवूनच होतो, तेव्हा आधी सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. तंत्रज्ञाने पट्टी विकण्याआधी ही एक ओळ वाचायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : दुकानातल्या वापरलेल्या लॅपटॉपवर विंडोज टाकलेले नसेल, तर रॅम कशी तपासावी?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : लॅपटॉप सुरू करताक्षणी बायॉसचे बटण दाबावे. कंपनीनुसार ते एफ२, एफ१० किंवा डिलीट असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये बायॉसच्या पहिल्या पानावर किंवा माहितीच्या पानावर रॅमचा आकडा असतो आणि त्यासाठी विंडोजची गरज नसते. तो कधी ८१९२ एमबी असा लिहिलेला असतो. १०२४ ने भागल्यास ८ जीबी येतात. पैसे देण्यापूर्वी हे पान दुकानदारासमोरच उघडावे आणि रॅमचा आकडा मॉडेल क्रमांकासह पावतीवर लिहून घ्यावा.