थप्पड इतक्या लवकर नको

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या श्रुतिकेचा आराखडा आणि पहिल्या चार भागांच्या संहिता दोनदा वाचून काढल्या. घरातल्या मारहाणीचा, जाचाचा विषय रेडिओवर, तोही मालवणी बोलीत आणि आपल्याच एखाद्या वाडीत घडणारा, हे तू ठरवलंस याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच जे खटकलं ते मोकळेपणाने लिहिते.

दुसऱ्याच भागात तुझा नवरा दारू पिऊन घरी येतो, भांडी आपटतात, थप्पड बसते, बाई हुंदके देते. श्रोत्याला तिथल्या तिथे कळतं की हा वाईट आणि ती बिचारी. पुढे उरले बावीस भाग. त्यांत त्याने फक्त ती कधी सुटते याची वाट बघायची. आठवड्याला एक भाग असे जवळजवळ सहा महिने तुझ्या हातात आहेत. जाच घरात जसा पावलापावलाने शिरतो, तसाच तो ऐकवायला एवढी लांबी लागते, आणि ती तू पहिल्या अर्ध्या तासात खर्च करून टाकतेस.

बीबीसीवर ‘द आर्चर्स’ नावाची मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाते. शेतकऱ्यांना गोष्टीतून शेतीची माहिती मिळावी म्हणून ती सुरू झाली. ॲम्ब्रिज नावाचं एक काल्पनिक खेडं, त्यातली घरं, गोठे, भांडणं, लग्नं. या मालिकेत २०१३ साली रॉब टिचनर नावाचा माणूस दुग्धशाळेचा व्यवस्थापक म्हणून आला. रुबाबदार, गोड बोलणारा. हेलन ही चीज बनवणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली, एका लहान मुलाची आई. दोघांचं जमलं. मग हळूहळू सुरू झालं. हे कपडे तुला शोभत नाहीत. गाडी तू चालवू नकोस, तू थकली आहेस. ती मैत्रीण तुझ्या भल्याची नाही. एकेक वाक्य सुटं काढून कुणाला ऐकवलं तर तो म्हणेल, यात काय वाईट आहे, काळजीच करतोय ना? जवळजवळ तीन वर्षं, आठवड्याला सहा भाग, प्रत्येक भाग तेरा मिनिटांच्या आसपास, अशा चालीने ही वाक्यं साचत गेली. ३ एप्रिल २०१६ च्या भागात हेलन त्याला सांगते की मी चालले, आणि त्या झटापटीत तिच्या हातून त्याच्यावर सुरी चालते. तोवर श्रोत्यांना तिच्या घरातलं जे ठाऊक होतं, ते तिच्या आईवडिलांनाही ठाऊक नव्हतं.

हे नीट ध्यानात घे. गावातली माणसं रॉबला भला समजतात, श्रोता एकटा खरं काय ते जाणतो, आणि जाणूनही काही करू शकत नाही. ही तगमग महिनोन् महिने टिकली म्हणूनच लोक हलले. एका श्रोत्याने घरात जाच सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या ‘रेफ्यूज’ या संस्थेसाठी निधी सुरू केला, त्यात एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. योगायोग असा की इंग्लंड आणि वेल्समध्ये नवराबायकोच्या किंवा घरच्या नात्यात असं सततचं नियंत्रण ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारं कलम २९ डिसेंबर २०१५ रोजी लागू झालं होतं. कायद्याने ज्याला नुकतंच नाव दिलं होतं, ते कसं दिसतं हे लोकांना त्या मालिकेने ऐकवलं.

आता तुझ्या नवऱ्याकडे ये. त्याला तू दारूडा केलास. दारू खरी आहे, आपल्याकडे किती घरं तिने पोखरली हे मी तुला सांगायला नको. पण दारूला कारण म्हणून पुढे केलंस की श्रोता सुटकेचा श्वास टाकतो: बाटली सुटली की माणूस चांगलाच आहे. प्यालेला माणूस नाखव्यावर, होडीच्या मालकावर, हात उगारत नाही, बँकेच्या साहेबाला शिवी देत नाही. त्याचा हात घरी पोचेपर्यंत बरोबर आवरलेला असतो. मासेमारी बंदीच्या दिवसांचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, पैसा आटलेला, माणूस दिवसभर घरात. त्या महिन्यांत ताण वाढतो हे दाखव, पण ताण म्हणजे कारण असं वाटू देऊ नकोस. शेजारच्या घरातही पैसा आटलेलाच आहे आणि तिथे कुणी मार खात नाही, एवढं एका वाक्यात कुणाच्या तरी तोंडून येऊ दे.

माझं ऐकशील तर त्याला भजनी बुवा कर. डबलबारीला, दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, उभा राहिला की चार गावांतली माणसं जमतात असा. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर मानकरीही त्यालाच पुढे करतात. रेडिओवर चेहरा नसतो, त्यामुळे श्रोता आवाजावर विश्वास टाकतो. तुझ्याकडच्या कलाकारांत ज्याचा आवाज सगळ्यांत गोड आणि भारदस्त असेल, त्याला ही भूमिका दे. पहिले पाच-सहा भाग श्रोत्याला तो आवडलाच पाहिजे, बायकांना वाटलं पाहिजे की असा घो मिळायला भाग्य लागतं. मग तोच आवाज, तीच पट्टी, माजघरात म्हणेल: “बाजारात तू कित्याक जातंस उन्हाचा? मी हाडतंय मा सगळा.” आणखी दोन भागांनी: “आवशीक रोज रोज फोन कित्याक? तिका घोर लागता.” आवाज चढवायचा नाही. काजूच्या कारखान्यातला तिचा पगार खात्यात जमा होतो आणि एटीएमचं कार्ड त्याच्या खिशात असतं, हेही असंच सहज, जेवणाच्या पानावर कळू दे.

बोलीबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथेच लिहिते. तुझ्या संहितेत मारणारा मालवणी बोलतो आणि समजावणाऱ्या ताई पुस्तकी मराठी. असं करू नकोस. धीर देणारी माणसंही याच मातीतली आहेत. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई मालवणीतच बोलू दे, पोलीस ठाण्यातली हवालदार बाईसुद्धा.

तुझी नायिका रडते फार. रेडिओवर रडणं दोनदा ऐकलं की कान सरावतो. त्यापेक्षा तिचा आवाज कमी कमी होऊ दे. पहिल्या भागात ती एका दमात चार वाक्यं बोलते, विषयांतर करते, मोठ्याने हसते. दहाव्या भागापर्यंत तिची उत्तरं एका शब्दावर यावीत, आणि बोलण्याआधी अर्धा क्षण ती थांबावी. गौरी-गणपतीचा भाग त्यासाठीच आहे असं समज. चाकरमानी आलेत, घर माणसांनी भरलंय, ओटीवर फुगड्या रंगल्यात. दरवर्षी गाणं हीच सांगते, यंदा ते दुसरीच बाई सांगतेय. मुंबईहून आलेली नणंद विचारते, “वयनी खंय गेली?” आणि पुन्हा फुगडी सुरू होते. एवढंच. कुणी काही समजावून सांगायचं नाही. ज्या श्रोत्याने सुरुवातीचे भाग ऐकलेत त्याला बरोबर कळेल.

मारहाणीचा आवाज शक्यतो नको. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत थप्पड चांगली वाजवता येते आणि ती वाजवायचा मोहही होतो, पण ऐकणाऱ्यांत जी स्वतः मार खाते तिच्या अंगावर ती खरीच पडते, आणि बाकीच्यांना नुसता थरार मिळतो. ‘द आर्चर्स’मध्ये रॉबने हेलनवर केलेले लैंगिक अत्याचार घडताना ऐकवले नाहीत. पुढे खटल्याच्या वेळी तिच्या तोंडून ते बाहेर आले, अडखळत. ते जास्त खरं होतं. आपल्याकडच्या अनेक बायकांनी ही गोष्ट कधीच कुणाजवळ बोललेली नसते. तू ती एका वाक्यात आणलीस तरी पुरे, पण टाळू नकोस.

शेजाऱ्यांना मात्र तू फारच स्वस्तात सोडलंस. गडग्यापलीकडे सगळं ऐकू जातं. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली ‘सोल सिटी’ या मालिकेने हाच विषय घेतला होता, टीव्हीवर, आणि रेडिओवर तिथल्या नऊ भाषांत. त्यातला नवरा शाळामास्तर आहे, गावात मान असलेला. एका प्रसंगी शेजारी त्याच्या दारासमोर जमून भांडी वाजवतात. आम्हाला ऐकू येतंय, एवढंच त्यातून त्याला कळवायचं. पुढे काही वस्त्यांत लोकांनी खरोखर तसं केल्याच्या बातम्या आल्या. त्या मालिकेमागच्या मंडळींनी महिला संघटनांना बरोबर घेतलं, फुकट फोन करता येईल असा मदतक्रमांक सुरू केला, आणि १९९८ मध्ये संमत होऊन अडून बसलेला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अमलात यावा म्हणून रेटा लावला. डिसेंबर १९९९ मध्ये तो अमलात आला. आपल्याकडे २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ मोहिमेनेही शेजाऱ्यांनाच हाक दिली होती: भांडण ऐकू आलं तर जा आणि दाराची घंटी वाजव.

आणखी एक उदाहरण आपल्याच आकाशवाणीचं. ‘तिनका तिनका सुख’ ही हिंदी मालिका १९९६-९७ मध्ये एकशेचार भाग चालली. त्यात हुंड्यासाठी छळलेली पूनम शेवटी जीव देते. उत्तर प्रदेशातल्या लुतसान गावाने ते ऐकून हुंडा देणार नाही, घेणार नाही अशी शपथ लिहिली आणि शे-दीडशेहून अधिक लोकांनी त्याखाली सह्या-अंगठे करून ती आकाशवाणीला पाठवली. एका मालिकेने अख्खं गाव बोलतं केलं, याचं मला आजही अप्रूप आहे. तरीही तुला सांगते, तुझ्या नायिकेला मारू नकोस. पूनमच्या मरणाने गाव जागं झालं हे खरं, पण त्याच जागी उभी असलेली एखादी ऐकत असेल तर तिला सुटकेची तेवढी एकच वाट दिसायला नको.

मग वाट कोणती? इथे तू ‘शेवटी ती धाडस करून माहेरी जाते’ असं लिहून मोकळी झालीस. सोडून जाण्याचा क्षण हाच सगळ्यांत धोक्याचा असतो, हेलनच्या गोष्टीतही अनर्थ तेव्हाच घडला. म्हणून तुझी नायिका आधी तयारी करू दे: कागदपत्रं हळूच शेजारणीकडे ठेवणं, सांगून न निघणं. मग गावकी बसेल. ‘घरातला घरात मिटवूया’ म्हणणारे सज्जन लोक असतील, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन येईल. हा भाग तू चार ओळींत उरकलास, त्याला पूर्ण एक भाग दे, कारण आपल्याकडे बाईचा धीर खचतो तो तिथे. तिला तिथेच कुणीतरी सांगावं की कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मार तर आलाच, शिवाय शिवीगाळ, अपमान, लैंगिक छळ आणि पैशाची अडवणूकही आली. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. अर्ज ती माहेरच्या तालुक्यातूनही करू शकते. आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला शेजारीसुद्धा कळवू शकतो, चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. हे सगळं एकाच तोंडी, एका दमात घालू नकोस, भाषण होईल. वाटून टाक.

निकालावरही थांबू नकोस. सप्टेंबर २०१६ मध्ये हेलनचा खटला चालला, ११ तारखेचा भाग तासाभराचा केला होता, आणि ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं. पण मुलाच्या ताब्याचा प्रश्न होताच, आणि रॉबची सावली त्या कथेत पुढेही वर्षानुवर्षं राहिली. तुझ्या नायिकेच्या वाटेतही रेशनकार्डावरचं नाव, मुलाच्या शाळेचा दाखला, दागिने, असं पुष्कळ काही येईल. शेवटचे तीन भाग त्यावर खर्च कर.

आणि ऐकणारी कुठे बसून ऐकते याचा विचार कर. ती भाकऱ्या थापत असेल, ओटीवर सासरा असेल, नवरा त्याच खोलीत असेल. भाग संपल्यावर निवेदक म्हणाला की ‘तुमच्यावर असा अत्याचार होत असेल तर’, की कुणीतरी रेडिओ बंद करेल. म्हणून १८१ हा बायकांसाठीचा मदतक्रमांक कथेच्या आत घाल. आशाताईच्या तोंडून, लसीकरणाच्या रांगेत, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताना. तीन आकडी आहे, फोनमध्ये साठवावा लागत नाही, साठवलेले क्रमांक कुणी तपासले तरी त्यांत सापडत नाही; लावल्यावर मात्र कॉलच्या यादीतून पुसायला हवा. जीवावरच बेतलं तर ११२. दोन्ही तीन-चार भागांत सहज यावेत.

ध्वनिमुद्रणाआधी सगळ्या संहिता जिल्ह्याच्या, महिला आणि मुलांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षातल्या समुपदेशक बाईंना वाचायला दे. त्या म्हणतील ते बदल. ‘द आर्चर्स’वाल्यांनीही ‘विमेन्स एड’ आणि ‘रेफ्यूज’ या संस्थांशी बोलूनच लिहिलं होतं. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीलाही पूर्ण कथा आधीच सांग आणि मुद्रणानंतर तिच्याशी बोलत राहा, असे संवाद महिनोन् महिने तोंडात घोळवणं सोपं नसतं.

गावकीचा भाग आधी लिही आणि मला पाठव. पंचांपैकी एकाला तरी मनापासून भला माणूस कर, जो तिला परत जा म्हणेल आणि त्याला खरंच वाटत असेल की हेच तिच्या हिताचं. त्याला ती काय उत्तर देते ते मला वाचायचं आहे.

तुझी,
मावशी