दोन क्रूझ जहाजांतून एक निवडताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं (दोन मोठे, दोन मुलं) क्रूझला जायचं म्हणतोय. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ आणि सिंगापूरहून सुटणारं ‘गेंटिंग ड्रीम’ असे दोन पर्याय आहेत. माहितीपत्रकं वाचली तर दोन्हीकडे पूल, थिएटर, बुफे, कॅसिनो, मुलांची खोली सगळं आहे. मग फरक कशात शोधायचा? (ठाणे)

माहितीपत्रकातल्या सोयींची यादी बाजूला ठेवा. ती सगळ्याच जहाजांची सारखी असते. आधी तीन आकडे शोधा : बांधणीचं वर्ष, ग्रॉस टनेज आणि एका खोलीत दोघं धरून होणारी प्रवासीसंख्या.

‘एम्प्रेस’ १९९०मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. तेव्हा ते रॉयल कॅरिबियनचं ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं. २०२१पासून ते मुंबईहून फिरतंय. टनेज ४८,५६३, लांबी साधारण २१० मीटर, प्रवासी सुमारे १,६००. ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६चं, जर्मनीतल्या मायर वेर्फ्टचं. टनेज १,५०,६९५, लांबी ३३५ मीटर, प्रवासी ३,३५२.

ग्रॉस टनेज हे जहाजाचं वजन नव्हे. आतली बंदिस्त जागा किती, त्याचं ते माप आहे. म्हणून टनेजला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी जागा कळते. ‘एम्प्रेस’चा भागाकार ३०च्या आसपास येतो, ‘गेंटिंग ड्रीम’चा ४५. म्हणजे ड्रीमवर माणसं दुप्पट असूनही दर माणसामागे जागा दीडपट आहे. बुफेत ताट घेऊन टेबल शोधणं, लिफ्टसाठी थांबणं, पूलवर खुर्ची मिळणं, सगळं या एका आकड्याशी बांधलेलं आहे. नुसतं ‘मोठं जहाज म्हणजे गर्दी’ हे गणित म्हणूनच फसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. हा भागाकार एका खोलीत दोघं धरून केलेला असतो आणि सुट्टीच्या दिवसांत खोल्यांमधले तिसरे-चौथे पलंगही भरतात. रॉयल कॅरिबियनचं ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ (२०१९, टनेज १,६९,३७९) दोघांच्या हिशेबाने ४,२४६ प्रवाशांचं आहे, तेव्हा भागाकार ४०. सगळे पलंग भरले तर प्रवासी साडेपाच हजारांवर जातात आणि तोच आकडा ३०वर उतरतो. दिवाळी, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्यांत हा दुसरा आकडाच खरा धरा.

तुमच्यापुरतं स्पष्ट सांगायचं तर, मुलं आठ-दहा वर्षांपुढची असतील आणि विमानाचा खर्च झेपत असेल, तर ‘गेंटिंग ड्रीम’ घ्या. घसरगुंड्या, क्लायम्बिंग वॉल, दोरीवरचे खेळ यांनी मुलांचा दिवस भरतो. मुलं लहान असतील, दोन-तीन रात्रीच काढायच्या असतील आणि पासपोर्ट-व्हिसाची धावपळ नको असेल, तर ‘एम्प्रेस’ उत्तम. देशातल्या देशात असेल तर सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं, भाषा-जेवण ओळखीचं आणि जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, सीएसएमटीपासून टॅक्सीने काही मिनिटांवर.

बुकिंग करताना कंपनीच्या नावावर थांबू नका, जहाजाचं नाव पाहा. ‘गेंटिंग ड्रीम’ चालवणाऱ्या स्टारड्रीम क्रूझेसकडेच (२०२५पर्यंतचं नाव रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस) ‘स्टार व्हॉयेजर’ आहे, ते १९९७चं आणि टनेजने ड्रीमच्या निम्मं. जाहिरातीतला फोटो एका जहाजाचा आणि तिकीट दुसऱ्याचं, हे एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप पॅकेजमध्ये सर्रास होतं.

प्रश्न : एकाच रकमेत एका जहाजावर बाल्कनीची खोली मिळतेय आणि दुसऱ्यावर आतली, बिनखिडकीची. बाल्कनीसाठी जहाज बदलावं का? (पुणे)

दोन-तीन रात्रींच्या फेरीत नाही. खोलीत तुम्ही झोपायला आणि कपडे बदलायलाच जाल. चार-पाच रात्री असतील, सोबत दुपारी झोपणारं लहान मूल असेल किंवा गर्दीतून बाजूला बसायची आवड असेल, तर बाल्कनी पैसे वसूल करते. जुन्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच असतात. १९९०च्या सुमारास त्या मोजक्या महागड्या खोल्यांनाच द्यायची पद्धत होती. त्यामुळे ‘एम्प्रेस’वर बाल्कनी हवी असेल तर फार आधी बुक करावी लागते, उलट ‘गेंटिंग ड्रीम’वर बहुतेक खोल्या बाल्कनीच्याच आहेत.

खोलीच्या प्रकारापेक्षा खोलीची जागा जास्त महत्त्वाची. डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) उघडा, आपला खोली क्रमांक शोधा आणि त्याच जागी वरच्या आणि खालच्या डेकवर काय आहे ते पाहा. वर पूल किंवा बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा करकर आवाज छतातून येतो. खाली थिएटर किंवा नाइट क्लब असेल तर रात्री एकपर्यंत ढोलाचे ठोके गादीत जाणवतात. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा सगळ्यात शांत. जहाजाच्या पुढच्या टोकाच्या खोल्यांत नांगर सोडताना साखळीचा खडखडाट होतो आणि मागच्या टोकाला यंत्राची थरथर येते. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली खोली चौघांच्या कुटुंबाला सोयीची, इतरांनी टाळावी. त्या दारातून बोलणं ऐकू येतं.

‘गॅरंटी’ नावाने मिळणारी स्वस्त खोली म्हणजे क्रमांक कंपनी ठरवणार. झोप हलकी असेल तर ती घेऊ नका. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे खिडकीसमोर बहुधा लाइफबोट. उजेड येतो, समुद्र दिसत नाही.

प्रश्न : तिकिटाचे दर पाहिले तर एक जहाज बरंच स्वस्त दिसतं. पण ‘नंतर खर्च वाढतो’ असं सगळे म्हणतात. नेमका हिशेब कसा मांडायचा? (नागपूर)

दोन्ही जहाजांसाठी एकेक कागद घ्या आणि त्यावर भाडं, कर व बंदर शुल्क, टिप, इंटरनेट, पेयं, बंदरांवरचा खर्च, घरापासून जहाजापर्यंतचा प्रवास, आधीच्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा आणि विमा इतकं ओळीने लिहा. बेरजेला माणसांनी भागा, मग रात्रींनी. हाती आलेला ‘दर माणशी दर रात्र’ हाच तुलनेचा आकडा.

यात दोन ओळी लोक हमखास विसरतात. पहिली टिप. आंतरराष्ट्रीय कंपन्यांत ती ऐच्छिक वाटली तरी रोज आपोआप खात्यावर पडते. रॉयल कॅरिबियनवर ती दर माणशी दर रात्र साडेअठरा डॉलरच्या घरात आहे, स्वीटला (मोठ्या, महागड्या खोलीला) त्याहून जास्त, आणि लहान मुलांनाही तितकीच. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे हे जवळपास ३०० डॉलर होतात. दुसरी ओळ आधीच्या रात्रीचं हॉटेल. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी विमानाने पोचण्याचा बेत करू नका. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

एकट्या प्रवाशाला बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं. तिघं-चौघं एका खोलीत असतील तर तिसऱ्या-चौथ्याचं भाडं कमी असतं, म्हणून कुटुंबासाठी ‘माणशी’ दर जाहिरातीपेक्षा खाली येऊ शकतो. परदेशी क्रूझच्या पॅकेजवर एजंट टीसीएस (तुमच्या नावाने आधीच भरला जाणारा कर) घेतो. तो खर्च नव्हे, प्राप्तिकर विवरणात वळता करून घेता येतो. पण पॅन ज्याच्या नावावर त्याच्याच विवरणात, हे लक्षात ठेवून पैसे भरा.

आणि रात्री मोजताना फसू नका. ‘चार रात्री पाच दिवस’ यातला पहिला दिवस दुपारी चढण्यात जातो आणि शेवटच्या दिवशी सकाळीच खोली सोडायची असते. पूर्ण दिवस तीनच.

प्रश्न : आईवडील सत्तरीपुढचे. वडिलांना लांब चालवत नाही, आईचं जेवण जैन. कोणतं जहाज? (सांगली)

जेवणाच्या बाबतीत ‘एम्प्रेस’वर काळजी नाही. भारतीय प्रवाशांसाठीच चालणारं जहाज आहे, जैन जेवण तिथे रोजचं आहे. ‘गेंटिंग ड्रीम’वरही भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, तरी बुकिंगमध्ये नोंदवून लेखी खात्री घ्या. पाश्चात्त्य कंपन्यांच्या जहाजावर मात्र दीड ते तीन महिने आधी विनंती नोंदवावी लागते. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलंत तर पानात कांदा-लसूण, बटाटा येणारच. ‘कांदा, लसूण, बटाटा, गाजर, कंदमुळं, अंडं नको’ असं एकेक नाव लिहा आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून उद्याचा मेनू आज ठरवा.

चालण्याचा प्रश्न मोठ्या जहाजावर वाढतो. ३३५ मीटर लांबीच्या जहाजात एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाच्या भोजनगृहात जायचं म्हणजे दोन-अडीचशे मीटर चाल, तीही दिवसातून सहा-आठ वेळा. लिफ्टच्या जवळची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्या. व्हीलचेअर असेल तर ‘अ‍ॅक्सेसिबल’ खोलीच हवी. साध्या खोलीचं दार अरुंद असतं आणि बाथरूमला उंबरा असतो. अशा खोल्या कोणत्याही जहाजावर थोड्याच असतात, म्हणून आधी ती खोली शिल्लक आहे का ते विचारा, जहाज नंतर निवडा.

मार्गात धक्क्याला लागणारी बंदरं किती आणि नांगर टाकून छोट्या होडीने नेणारी किती, हेही विचारा. लक्षद्वीपला आणि फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला होडीनेच उतरावं लागतं. हलत्या होडीत पाय टाकणं गुडघेदुखीच्या माणसाला जमत नाही, व्हीलचेअर तर बहुधा नेऊच देत नाहीत. मग वडील दिवसभर जहाजावर आणि सगळ्यांचा जीव तिकडे. पेनांगला जहाज जॉर्जटाउन शहरालाच लागतं, रिक्षा-टॅक्सी समोरच मिळते. त्यांच्यासाठी असं बंदर शोधा.

जहाजावरच्या डॉक्टरचं बिल मोठं येतं आणि घरचा आरोग्यविमा तिथे बहुधा चालत नाही. आधीच्या आजारांचा उल्लेख असलेला, समुद्रातून हलवण्याचा खर्च देणारा प्रवासविमा घ्या. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. चढताना दिलेली मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते.

प्रश्न : पस्तीस वर्षांचं जुनं जहाज सुरक्षित असतं का? (नाशिक)

असतं, नीट राखलं असेल तर. वयाने जहाजाला तपासणीतून सूट मिळत नाही. प्रवासी जहाजाची दरवर्षी तपासणी होते आणि पाच वर्षांत दोनदा तळ तपासला जातो. जुन्या जहाजांमधलं ज्वालाग्राही लाकूडकाम २०१०पर्यंत काढायला लावणारा आंतरराष्ट्रीय नियम झाला आणि तो न झेपणारी कित्येक जहाजं सेवेतून गेली. जी टिकली ती हा खर्च करून टिकली.

तरी फरक आहे, तो लपवू नये. १ जुलै २०१० नंतर बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना एक जास्तीचा नियम लागू आहे : आगीने किंवा पाणी शिरून एक कप्पा गेला तरी जहाज स्वतःच्या बळावर बंदरात पोचलं पाहिजे. त्यासाठी यंत्रं, वीज, पाणी यांची दुहेरी व्यवस्था असते. ‘गेंटिंग ड्रीम’ आणि ‘स्पेक्ट्रम’ या नियमाखाली बांधलेली आहेत, ‘एम्प्रेस’ त्याच्या आधीचं.

प्रवाशाच्या हातात मात्र एकच गोष्ट आहे : सुरक्षेची कवायत. २०१२मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडालं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून भागवू नका. आपल्या मस्टर स्टेशनपर्यंत (संकटात जमायच्या ठरलेल्या जागेपर्यंत) मुलांना घेऊन एकदा जिन्याने चालत जा, कारण आगीत लिफ्ट बंद असते.

प्रश्न : मला बस लागते. लहान जहाज जास्त हलतं का? (रत्नागिरी)

हो, पण ऋतू आणि मार्ग जहाजापेक्षा जास्त हलवतात. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्राच्या आडोशाला असल्याने बरीच शांत. अरबी समुद्र डिसेंबर ते मार्च चांगला. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा मार्ग ऐनवेळी बदलू शकतो. जहाजाचे स्टॅबिलायझर पंख बाजूचं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारं आपटणं नाही. म्हणून खोली मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटायच्या तासभर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही.

प्रश्न : सिंगापूरची क्रूझ ठरलीच, तर कागदपत्रांत आणि बंदरांवर लोक कुठे चुकतात? (छत्रपती संभाजीनगर)

पहिली चूक व्हिसाची. जहाज मलेशिया-थायलंड करून परत येतं तेव्हा तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते छापील प्रतीवर वाचा. प्रवेशाआधी तीन दिवसांच्या आत भरायचं सिंगापूरचं अरायव्हल कार्डही परतताना पुन्हा भरावं लागतं. मलेशिया आणि थायलंडने भारतीयांना दिलेली व्हिसा सवलत बदलू शकते, तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालू हवा.

दुसरी चूक टर्मिनलची. सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ म्हटलंत तर भलतीकडे पोचाल. तिकिटावरचं नाव दाखवा.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक घड्याळाची. जहाजावर बहुधा सिंगापूरची वेळ चालते, थायलंडची वेळ त्याच्या एक तास मागे. फुकेतला उतरताच मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. परतीची शेवटची होडी जहाजाच्या घड्याळाने ५ला असेल तर मोबाइलवर तेव्हा ४ वाजलेले असतात. तुम्ही निवांत खरेदी करत ‘अजून तास आहे’ म्हणता आणि होडी निघून गेलेली असते. खोलीच्या टीव्हीवर जहाजाची वेळ असते. उतरण्याआधी मोबाइलमधली आपोआप वेळ बंद करून ती लावा किंवा हातात साधं घड्याळ बांधा. भर समुद्रात मोबाइल एअरप्लेन मोडवरच ठेवा, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि घरी आल्यावर रोमिंगचं बिल येतं.