हप्ता तू भरतेस, मग तो कशाला विकेल?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. घोडबंदरचा टू बीएचके तुम्हा नवरा-बायकोच्या नावावर, घटस्फोट चाललाय तरी तो अजून तिथेच राहतोय, तू 14 महिने मुलुंडला आईच्या हॉलमध्ये गादी घालून झोपतेस आणि विकायचं म्हटलं की तो म्हणतो मेट्रो सुरू होऊ दे, भाव वाढेल. त्याच्या हट्टावर दीड पान लिहिलंयस आणि शेवटी जाता जाता एक ओळ, "हप्ता 41 हजार माझ्याच खात्यातून जातो, ते असू दे."

का असू दे? मी तिथेच अडकले. 5 तारखेला पैसे कापल्याचा मेसेज तुझ्या मोबाइलवर येतो, त्याच्या नाही. 14 महिन्यांचे 5 लाख 74 हजार झाले, त्यातले 2 लाख 87 हजार त्याच्या वाट्याचे होते. राहायला घर आहे, हप्त्याची चिंता नाही, त्याला विक्रीच्या सहीची घाई कशाला असेल?

रागाच्या भरात हप्ता मात्र थांबवू नकोस हं, कर्ज जॉइंट आहे, घटस्फोट झाला तरी बँक सगळी रक्कम तुझ्याकडे मागू शकते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुझाही खराब होणार.

पुढच्या महिन्यात म्युच्युअलची, म्हणजे संमतीने घटस्फोटाची, दुसरी मोशन (कोर्टापुढची शेवटची संमती) आहे आणि तू म्हणतेस "आधी मोकळी होते, फ्लॅटचं नंतर बघू". अजिबात नाही! डिक्रीपर्यंत, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत, तुझ्या संमतीला वजन आहे, नंतर तो सहीला आलाच नाही तर वाटणीचा दावा लावून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवशील. म्हणून आत्ताच कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी कोर्टात द्यायच्या लेखी अटींमध्ये, घालून घे, फ्लॅट अमुक तारखेच्या आत विकायचा, आलेल्या पैशातून आधी कर्ज फेडायचं, मग तुझे जास्तीचे हप्ते, उरलेलं निम्मं निम्मं, आणि तोवर तो राहतोय तर हप्ता त्याने भरायचा.

"पैशाचं काढलं तर वाईट दिसेल." कुणाला दिसेल गं? तुझ्या आईला? ती बिचारी रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा तुझ्या गादीला वळसा घालून जाते, हे तूच लिहिलंयस.

सोमवारी हाफ डे टाक, बँकेतून लोनचं स्टेटमेंट काढ, पासबुक भरून घे आणि तसंच वकिलाकडे जा. हे कलम आल्याशिवाय सही नाही म्हणून सांग. दुसऱ्या मोशनला अर्ज केल्यापासून 18 महिने मुदत असते, मोशन दोन महिने पुढे गेली तरी चालेल.