नवीन गाडीत एसीची सगळी बटणं टचवर आहेत. घाटात चालवताना त्रास होतो का?

होतो. मी साताऱ्याचा, सासुरवाडी पाचगणीची, त्यामुळे पसरणी घाट वर्षभर पाचवीलाच पुजलेला. गाडी घेताना मीही त्या काळ्या गुळगुळीत पॅनेलवर भाळलो होतो.

जुलैत वाईहून वर चढत होतो. गाडीत पाच माणसं, सगळी भिजलेली. दोन वळणांत पुढची काच आतून धुरकटली. जुन्या गाडीत हात खाली गेला की गोल बटण बोटाला सापडायचं, फिरवलं की वारा काचेवर. इथे बोट नुसतंच घसरतं. त्यात ते ओलं. हा टच दाबावर चालत नाही, बोटामुळे विजेत होणारा बारीक बदल ओळखतो. पाण्याचा थेंब मध्ये आला की गोंधळतो. दोनदा फुकट गेलं, तिसऱ्यांदा पंखाच बंद झाला. शेवटी बायकोने ओढणीने काच पुसली, तर समोर एसटी! ताशी ४० ने सुद्धा गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, आणि माझी नजर खाली किती वेळ होती ते देवाला ठाऊक.

शोरूमवाले म्हणतात, सवय होते. थोडी होतेही. पण बटणाची जागा हाताला कळते, टच पॅनेलवरची डोळ्यांनाच बघावी लागते. स्वीडनच्या एका मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० ने गाड्या चालवून चार साधी कामं करायला लावली होती, आधी सरावाला वेळ देऊन. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत उरकली, टचच्या सर्वात वाईट गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणारी युरोपातली संस्था युरो एनकॅपही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्नसाठी खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर गुण कापतं.

नकाशा, गाणी, रिव्हर्स कॅमेरा खुशाल स्क्रीनवर असू द्या. पण बुकिंगआधी शोरूममध्ये उभ्या गाडीत बसा, बोटं पाण्यात बुडवा, डोळे मिटा आणि पुढच्या काचेवर वारा सोडून बघा. सेल्समन हसेल, हसू दे. जमलं नाही तर बटणवालं खालचं मॉडेल घ्या, पैसेही वाचतील.

माझी गाडी अजून तीच आहे, हप्ते चालू आहेत. पावसाळ्यात घाटाला लागायच्या आधी वाईत थांबून एसी आणि काचेवरचा वारा लावूनच निघतो. थंडीने मागचे ओरडतात.